खिशातला चाकू कुठला घ्यावा? स्वीस, फ्रेंच, चायना, रामपुरी आणि आमचा लोहार

चाकू खिशातून काढला की पुढचा माणूस पहिलं काय विचारतो तर "कुठला आहे ओ, चायना काय?" आणि स्वीस म्हटलं की मान डोलावतो, चायना म्हटलं की लगेच परत हातात देतो, पातं उघडूनसुद्धा बघत नाही. मला हे पटत नाही म्हणून एवढं लांबलचक लिहालोय. चाकू कुठं तयार झाला याला किंमत आहे, भरपूर आहे, खरं ती किंमत देशाच्या नावाची नव्हे. त्या गावात तो घडवणारी माणसं कोण आहेत, पातं भट्टीत किती नीट तापवतात, शेवटी तपासतंय कोण, आणि खराब निघाला तर परत घ्यायला कोणी उभा आहे काय, याची ती किंमत आहे.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे मी कशावरून बोलतोय ते कळेल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची लहान नर्सरी आहे, मुख्य काजू, थोडा आंबा. काजूचं कलम म्हणजे कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, दांड्याला मधोमध खाली खाच घालायची, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा उतार द्यायचा, ती खाचेत बसवून प्लास्टिकची पट्टी आवळायची. तो उतार एका ओढीत, सपाट, लखलखीत यायला पाहिजे. धार गेली असली की पातं लाकूड कापत नाही तर चेंगरतं, साल सुटते, आणि मग काजूची जात वेंगुर्ला-४ घ्या नाहीतर वेंगुर्ला-७ घ्या, काडी सुकूनच जाते. त्यात काजूचा चीक पात्याला काळा करून सोडतो. सीझनला हेच काम सकाळपासून दुपारपर्यंत चालतं, त्यामुळे धार किती टिकते हे आम्हाला यूट्यूब बघून कळत नाही, हातालाच कळतं. बाकी दोरी तोडणं, खताची पोती फोडणं, रताळ्याचे वेल छाटणं, घरी आलं की आंबा कापणं, सगळं त्याच चाकूनं.

आता पात्याचं थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल. लोक स्टीलचं नाव बघतात, खरं स्टील ही निम्मीच गोष्ट. स्टेनलेसचं पातं साधारण हजार-अकराशे डिग्रीपर्यंत तापवून झटक्यात थंड करतात, तेव्हा ते कडक होतं, इतकं कडक की नुसतं तसंच ठेवलं तर कणी उडेल. म्हणून परत कमी आंचेवर, दोनशे डिग्रीच्या आसपास, धरून ठेवतात म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. आमचे लोहार या सगळ्यालाच पाणी देणं म्हणतात. कडकपणा मोजायचं माप रॉकवेल सी, खिशातले चाकू बहुतेक ५५ ते ६१ च्या मध्ये असतात. कमी असला की धार वळते, जास्त असला की धार टिकते खरं लावायला जीव जातो आणि पडला तर टवका उडतो. भट्टी वीस-तीस डिग्रीनं इकडंतिकडं झाली, नाहीतर पातं घासताना चाकावर तापून निळं पडलं, तरी वरून बघताना दोन्ही चाकू सारखेच दिसतात. इथंच गाव मध्ये येतं. ज्या गावात शंभर वर्षं हेच काम चालू आहे तिथं भट्टीवाला, घासणारा, स्प्रिंग बसवणारा वेगवेगळा असतो आणि प्रत्येकाला आपापल्या कामातली चूक नजरेनं ओळखता येते.

याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या बक कंपनीचं आहे. आयडाहो राज्यात पोस्ट फॉल्स म्हणून गाव आहे, तिथं त्यांचा कारखाना, आणि त्यांच्या बऱ्याच चाकूंत ४२०एचसी नावाचं साधं, स्वस्तातलं स्टील असतं. कागदावर बघितलं तर कोण घेणार नाही. खरं पॉल बॉस नावाच्या माणसानं बसवून दिलेली पाणी द्यायची पद्धत एवढी पक्की की त्या साध्या स्टीलचं पातं सुद्धा लोक पिढ्यान्पिढ्या वापरतात. त्याच कंपनीची काही मॉडेलं चायनात पण तयार होतात, पात्यावर तसं लिहिलेलं असतं. म्हणजे नुसतं कंपनीचं नाव बघूनही भागत नाही.

स्वीस: व्हिक्टोरिनॉक्स

माझ्या खिशात बहुतेक वेळा हाच असतो त्यामुळे याच्यावर जरा जास्त बोलतो. कार्ल एल्सनर यांनी १८८४ ला स्वित्झर्लंडच्या श्विझ भागात इबाख गावात काम सुरू केलं, आणि आजही कारखाना इबाखलाच आहे. गंमत बघा, स्वीस आर्मीला सैनिकांसाठी चाकू पाहिजे होता तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये एवढे चाकू करणारा कोणीच नव्हता, म्हणून पहिले चाकू जर्मनीच्या झोलिंगेनहून आले. एल्सनरना ते बोचलं, त्यांनी तिथल्या चाकूवाल्यांना एकत्र केलं आणि १८९१ ला आर्मीला आपला माल दिला. ज्याला आज जगात सगळे स्वीस चाकू म्हणतात त्याची सुरुवात जर्मन चाकूनं झाली आहे. पुढं २००८ ला स्वीस आर्मीनं नवीन चाकूसाठी आंतरराष्ट्रीय टेंडर काढलं तेव्हा आपल्या सैनिकांच्या हातात चायनाचा चाकू येणार काय म्हणून तिकडं आरडाओरडा झाला होता, शेवटी काम व्हिक्टोरिनॉक्सलाच मिळालं.

पात्याचं स्टील काही महागातलं नाही. मोठं पातं ५६ च्या आसपास कडक, आणि मला जे लई आवडलं ते म्हणजे एकाच चाकूत प्रत्येक पार्टचा कडकपणा वेगळा ठेवलाय, करवत आणि कात्री ५३, स्क्रूड्रायव्हर ५२, स्प्रिंग ४९. स्प्रिंग पात्याएवढी कडक केली तर मोडणार, करवतीचे दात पात्याएवढे कडक केले तर दगडाला लागून उडणार. हा विचार कोणीतरी बसून केलाय आणि तो लाखो चाकूत तसाच उतरतोय. पातं पातळ आहे, आंबा कापताना फळाच्या आत वाट काढत जातं, जाड पात्याचे चाकू फळ फाडतात. ५६ म्हणजे धार फार दिवस टिकेल असं नाही, कलमाच्या सीझनला दुपारच्या जेवणाआधी एकदा निसण्यावर फिरवावा लागतो, खरं चार-सहा ओढीत परत येतो आणि आमच्या कामाला हेच सोयीचं, नर्सरीत कोण डायमंडचा दगड घेऊन बसणार.

उणं काय तर ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या चाकूला लॉक नाही, दाब देऊन खुपसायचं काम त्याच्याकडून करून घेऊ नये, पातं बोटावर मिटू शकतं. लॉक पाहिजे असेल तर १११ मिलिमीटरचं मोठं मॉडेल बघा. आणि काजू-आंब्याच्या कलमासाठी त्यांचा कलमाचा चाकू वेगळा येतो, सालीत सरकवायला शेपटी असलेला, ज्यांचा धंदाच हा आहे त्यांनी तोच घ्यावा, अनेक हत्यारांचा लाल चाकू कलमाला हातात जाड लागतो.

स्वीस लिहिलंय म्हणून विश्वास ठेवायला आधार पण आहे. तिथल्या २०१७ पासूनच्या नियमानं कारखान्याच्या मालावर स्वीस लिहायचं असेल तर तयार करायच्या खर्चातला कमीत कमी ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्येच झालेला पाहिजे. अर्थात नियम तिकडचा, आमच्या बाजारात लाल प्लास्टिकवर पांढरा क्रॉस छापलेले चाकू ढिगानं मिळतात. ओळखायचं कसं? पातं उघडा, बुडाशी, जिथं ते मुठीत शिरतं तिथं बघा, कंपनीचं नाव आणि स्वीस मेड बारीक, स्वच्छ अक्षरात कोरलेलं असतं. मग चाकू मिटवून उजेडाकडं धरा, खऱ्या चाकूत पाती आणि पत्रे यांच्यामधून उजेड दिसत नाही म्हटलं तरी चालेल. आणि पातं उघडताना शेवटी टक्क असा आवाज येतो, नकलीत घसरत जाऊन कुठंतरी थांबतं. माझ्या मेव्हण्यानं ऑनलाइन असला एक लाल चाकू मागवलेला, त्याची कात्री कागदाला चावत सुद्धा नव्हती, कागद मधेच दुमडून बसायचा. विकणारा परत घ्यायला तयार नाही, फोन उचलत नाही. वाईट वाटलं, कारण पोरानं आपल्या बापाला द्यायला म्हणून घेतलेला.

फ्रेंच: ओपिनेल

लाकडी मुठीचा, गोल कडी फिरवून लॉक होणारा. फ्रान्सच्या साव्हुआ डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० ला केला, कडीचं लॉक १९५५ ला आलं, आता कारखाना शांबेरीला. यात काय आहे? एक पातं, एक बीचच्या लाकडाची मूठ, एक खिळा, दोन कड्या. संपलं. बिघडायला काही ठेवलेलंच नाही. नंबर ८ घ्या, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, हातात बसतो आणि वजन जवळजवळ नाहीच.

पातं दोन प्रकारात मिळतं, कार्बन आणि स्टेनलेस. कार्बनमध्ये ०.९ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, धार जी चढते ती बघण्यासारखी, कलमकाडीला उतार देताना लाकडाचा आवाजच बदलतो, चरचर जाऊन नुसतं सूं होतं. खरं कार्बन म्हणजे गंज आलाच. कैरी कापली, काजूचं बोंड कापलं की पातं करडं-निळं पडतं, ते चालतं, त्या थराखाली पातं वाचतं, खरं ओलं ठेवून झोपलात तर सकाळी तांबूस. आणि लाकडी मूठ पावसात फुगते, हा लाकडाचा धर्म आहे. आता जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, मलप्रभा तिथनंच निघते, चार महिने कपडे वाळत नाहीत तिथं. फुगलेल्या मुठीत पातं घट्ट बसतं, फ्रान्समधले शेतकरी मुठीचं बूड टेबलावर ठोकून पातं बाहेर काढतात, ती पद्धत त्यांच्याकडं प्रसिद्धच आहे. म्हणून आमच्या भागासाठी सरळ सांगतो, स्टेनलेसवाला घ्या, आणि मृग लागायच्या आधी मुठीला जवसाचं तेल भरपूर पाजा, खिळ्याजवळच्या फटीत जास्त. कोरड्या दिवसात बेळगाव शहरात वापरणार असाल तर कार्बन घ्या, धारेला तोड नाही.

इथं एक गोष्ट बघा, ओपिनेल फ्रेंच आहे म्हणून चांगला किंवा वाईट नव्हे, तो ज्या हवेसाठी केला ती हवा आमची नाही एवढंच. कुठं तयार झाला याचा हा पण एक अर्थ आहे, त्याच्याकडं कोणी लक्ष देत नाही.

गावाचं नाव आणि त्याची राखण

झोलिंगेनचं नाव वर आलंच आहे. जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे की झोलिंगेन हे नाव घालायचं असेल तर पात्याची मुख्य कामं त्याच भागात झाली पाहिजेत. म्हणून झोलिंगेन छाप बघून घेतलेला चाकू सहसा फसवत नाही. उलट फ्रान्समधल्या लागिओलचं झालं. ते गावाचं नाव, मुठीवर माशी, बारीक कमरेचा सुंदर चाकू. खरं नाव सांभाळलंच गेलं नाही, ते एका घडणीचं नाव होऊन बसलं आणि चायना, पाकिस्तानात पण लागिओल तयार होऊ लागले. आमच्याकडच्या लोकांना हे समजायला कोल्हापुरी चप्पल बघावी. २०१९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आमचा बेळगाव जिल्हा पण आहे, कारण अथणी, निपाणीकडं ती पिढ्यान्पिढ्या तयार होते. आणि तरीसुद्धा रस्त्यावर रेक्झिनची कोल्हापुरी मिळतेच. नाव राखायला कायदा पाहिजे आणि कायदा राबवणारा पण पाहिजे.

चायना

आता ज्याच्यासाठी लोक नाक मुरडतात त्याच्याकडं येऊ. चायनात ग्वांगडाँग प्रांतात यांगजियांग म्हणून शहर आहे, चाकू-कात्र्यांचंच शहर. तिथं वीस रुपयाला जावा असा पण चाकू होतो आणि अमेरिकन चाकूला घाम फोडेल असा पण होतो, बऱ्याच वेळा एकाच शहरात. फरक देशाचा नाही, ऑर्डर देणाऱ्यानं काय मागितलं त्याचा आहे. स्पायडर्को ही अमेरिकन कंपनी बघा, तिचा कारखाना कोलोरॅडोत गोल्डन गावात आहे, खरं डेलिका मॉडेल जपानच्या सेकी गावात होतं, सेज मॉडेल तैवानच्या ताइचुंगमध्ये, काही इटलीच्या मानियागोत, आणि टिनेशस चायनात. कंपनी लपवत नाही, पात्यावर देश कोरते. सेकी म्हणजे जुनं तलवारींचं गाव, मानियागो पण इटलीतलं चाकूंचंच गाव. आणि ताइचुंगच्या कामाला तर जाणकार लोक अमेरिकन कामाच्या बरोबरीनं धरतात. म्हणजे ज्या कंपनीला आपलं नाव जपायचं आहे ती चायनातून पण नीट काम काढून घेते.

चायनाचं नेहमीचं स्टील ८सीआर१३एमओव्ही, त्यात कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १३, शेतीकामाला झकास. सिव्हिव्ही, कायझर असल्या कंपन्या आता स्वीडनचं १४सी२८एन सुद्धा वापरतात, आणि पातं उघडताना बेअरिंगवर असं सरकतं की दोनदा-तीनदा उगाचच उघडावं वाटतं. माझ्याकडं सिव्हिव्हीचा एक आहे, पोती-दोरीच्या कामाला तोच काढतो, लॉक एका रेघेचं सुद्धा हलत नाही. कलमाला मात्र नाही वापरत, पात्याची पाठ जाड आहे.

आणि वाईट चायना कसा असतो ते पण सांगतो. नाव नसलेला, काळा, दातेरी पाठीचा, जंगल-कमांडो असलं काहीतरी लिहिलेला एक चाकू नर्सरीत पोरांसाठी घेतला होता. उघडून पात्याचं टोक चिमटीत धरून डावीकडं-उजवीकडं हलवलं तर खट्‌खट् हलायचं. दोन-तीन ट्रे रोपं झाली की धार एका बाजूला वळायची, नखावर फिरवली तर खरखरीत लागायची. मग बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागला, एक मित्र हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पाणी द्यायच्या, कामात आहे त्याच्याकडं नेला. त्यानं मशीनवर ठेवायच्या आधी एक कानस घेतली आणि पात्याच्या पाठीवर ओढली. नीट पाणी दिलेल्या पात्यावरनं कानस घसरते, काचेवरनं गेल्यासारखी. इथं कानस चावली, चुरा पडला. म्हणाला, "अरे याला भट्टी दाखवली आहे काय नाही याचीच शंका." त्याच कानशीनं माझा स्वीस चाकू तपासायला मी नको म्हटलं, उगाच ओरखडा नको, खरं त्यानं मुठीतल्या पात्याच्या बुडाजवळ हलकेच टेकवून बघितली आणि मान हलवली, ठीक आहे म्हणून.

पाकिस्तानातलं वजिराबाद पण चाकूंचं मोठं केंद्र आहे. तिथनं जगभर डमास्कस नावानं लाटालाटांच्या नक्षीचे चाकू जातात. दिसायला देखणे, खरं आत कुठलं स्टील आणि किती पाणी हे लिहिलेलंच नसतं, म्हणून मी वापरायच्या चाकूत ते मोजत नाही.

रामपुरी

उत्तर प्रदेशातलं रामपूर, नवाबांच्या काळापासून चाकूंसाठी नावाजलेलं, खटक्याचा चाकू म्हटलं की हेच नाव. सिनेमानं त्याला बदनाम पण केलं आणि मोठं पण केलं. २०२३ ला तिथं चौकात २० फुटी चाकू उभा केलाय. खरं कारागीर आता थोडेच उरलेत, आणि ऑनलाइन रामपुरी म्हणून जे मिळतं त्यातलं किती रामपूरला तयार झालं देव जाणे. शेतीकामाला मी सुचवणार नाही, लांब पातं, बटणावर उघडणारं, खिशात घेऊन एसटीत बसणं शहाणपणाचं नाही, पोलिसानं विचारलं तर उत्तर काय देणार. हातानं घडवलेल्या कामाची आठवण म्हणून घरी ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सुद्धा कायदा बघून.

आमचा लोहार

खानापूरच्या बाजाराला एक लोहार मामा बसतात, कोयते, खुरपी, विळ्या. मी त्यांना म्हटलं, "मामा, कलमाला एक पातळ पातं करून द्या की." त्यांनी ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घेतला. त्या स्टीलमध्ये अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो, चिवट एक नंबर. ठोकून पातळ केलं, कानशीनं आकार दिला, आणि मग पाणी द्यायच्या वेळी पोराला सांगून वरचं पत्र्याचं झाकण ओढून सावली करून घेतली, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्याला खोटा दिसतो. पातं पिकल्या चेरीसारखं नाही, जरा त्याच्यावर, लाल-केशरीकडं झुकल्यावर फक्त धारेची बाजू जुन्या ऑइलमध्ये बुडवली. पाठ अजून गरम. बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर घासून पातं पांढरं केलं आणि नुसतं बघत बसले. पाठीकडनं एक फिकट पिवळा पट्टा हळूहळू धारेकडं सरकत येतो, तो धारेला पोचला, गवताच्या काडीसारखा रंग आला, की सबंध पातं बुचकन पाण्यात. कुठलं मीटर नाही, रॉकवेल नाही. ते पातं आज माझ्या सगळ्या चाकूंत कलमाला सगळ्यात सरस आहे हे मी मनापासून लिहितो. कार्बन आहे त्यामुळे रोज पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं, आणि घडीचं नाही, चामड्याच्या म्यानात कमरेला लावावं लागतं, खिशात नाही जात.

मामांना विचारलं घडीचा का करत नाही, तर म्हणाले, "स्प्रिंगचं काम निराळं रे, एक हलका राहिला तर सगळा हलका. आणि कोण पैसे देतंय?" बरोबर आहे त्यांचं. खिशातल्या चाकूत पातं चांगलं असून भागत नाही, सांधा, स्प्रिंग, पत्रे, रिवेट सगळं एका मापात पाहिजे, ते एकट्या माणसाचं काम नव्हे. खरं मला मनातनं वाटतं, आमच्या बेळगावात हे होऊ शकत नाही काय? उद्यमबागच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग जातात, हत्तरगीला विमानाचे पार्ट तयार होतात, तिथं केसाच्या मापाचं काम रोज चालतं. हरियाणात हिसारला रेझर ब्लेडच्या स्टीलची पट्टी तयार होते. स्टील आहे, मशीन आहे, भट्टीवर हात बसलेली माणसं आहेत. एक चांगला, साधा, एका पात्याचा, शेतकऱ्याच्या किमतीतला घडीचा चाकू बेळगाव छाप मारून निघाला तर मी पहिला गिऱ्हाईक, आणि आमच्या सगळ्या नर्सरीवाल्यांना मी स्वतः सांगत फिरेन.

घ्यायला गेलात तर

बेळगावात खडे बाजार, रविवार पेठेकडं हार्डवेअरच्या दुकानांत चाकू मिळतात, दुकानदार काउंटरखालनं काढून देतो. मी नेहमी विचारतो, "मालक, हा कुठला?" तर उत्तर ठरलेलं, "इम्पोर्टेड आहे ओ." "कुठनं इम्पोर्टेड?" म्हटलं की गप्प. जो गप्प बसतो त्याच्याकडनं महागाचा घेऊ नका, साधा शंभर-दीडशेचा घ्यायचा तर घ्या. एका दुकानात मात्र मालकांनी खोका उघडून बिल दाखवलं, डिस्ट्रिब्यूटरचं नाव दाखवलं, म्हणाले, "खराब निघाला तर इथंच आणा." असल्या माणसाकडं दोनशे जास्त गेले तरी जाऊ देत.

हातात घेतल्यावर पातं उघडून टोक हलवून बघा, मिटवून वरून बघा की पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसतंय काय एका बाजूला घासतंय. लॉक असेल तर पाठ काउंटरच्या कडेला हलकेच टेकवा, बोटं बाजूला ठेवून. धारेकडं उजेडात सरळ बघा, चकाकणारा ठिपका दिसला तर तिथं धार नाही. पात्यावर देश आणि स्टील लिहिलेलं असलं तर बरं, नुसतं स्टेनलेस स्टील एवढंच लिहिलेलं असलं तर त्यातनं काहीच कळत नाही, चमचा पण स्टेनलेसच असतो.

कोणाला काय: कलमवाल्यांनी कलमाचा स्वीस चाकू, नाहीतर ओळखीच्या लोहाराकडनं पातं. सगळ्या कामाला एकच पाहिजे तर करवत असलेला ९१ मिलिमीटरचा व्हिक्टोरिनॉक्स. कमी पैशात घडीचा आणि लॉकवाला पाहिजे तर नाव असलेल्या चायना कंपनीचा, डोळे झाकून नको, खरं नाक मुरडून पण नको. घरात फळं कापायला, डब्याबरोबर न्यायला स्टेनलेस ओपिनेल. आणि घेतलात की एक चांगला निसणा पण घ्या, बारीक कुरुंदाचा, कारण दोन हजाराचा बोथट चाकू आणि पन्नासचा बोथट चाकू कलमकाडीला सारखेच.

आणि हो, सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर चाकू खिशात किंवा हँडबॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत टाका, नाहीतर सिक्युरिटीवाले काढून घेतात आणि परत मिळत नाही.